नव्या बोर्डाचे पन्नास हजार मोजले, आणि बटण दाबलं तरी पंखा चालूच

नव्या डीबीचं, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या डब्याचं, झाकण उघडून आरसीसीबीवरचं (शॉक बसत असेल तर वीज तोडणाऱ्या स्विचवरचं) इंग्रजी 'टी' लिहिलेलं छोटं बटण मी दाबलं. टक् आवाज झाला, दांडी खाली पडली. आणि हॉलमधला पंखा फिरतच राहिला. फ्रीज चालू, स्वयंपाकघरातला दिवा चालू. फोनवर पुतण्या विचारत होता, "काकू, घरातली लाइट गेली ना?"

"नाही रे. काहीच गेलं नाही."

तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, मेन बंद कर. आजीला वॉशिंग मशीनला हात लावू देऊ नको. मी निघालोच."

पुतण्या कल्याणला आयटीआयमध्ये वायरमनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात चार महिने काय चाललं होतं, ते त्याला या एका उत्तरावरून कळलं. मला कळायला आणखी दोन तास लागले. ज्यांच्या घरात जुना बोर्ड आहे आणि तो बदलायचं मनात आहे, त्यांच्यासाठी सगळं तपशिलात लिहिते आहे.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. इमारत १९८६ ची, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दाराच्या वर लाकडी बोर्ड, त्यावर पांढरे पोर्सिलेनचे किटकॅट फ्यूज आणि बाजूला लोखंडी मेन स्विच. इतकी वर्षं काही अडलं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सासूबाईंच्या खोलीत एसी बसवला आणि दर दोन रात्रींनी फ्यूज उडायला लागला. बोर्ड बदलायलाच हवा होता, हे मी आजही म्हणते. गरज खरी होती, म्हणून तर समोरच्याचं सगळंच खरं वाटत गेलं.

तळमजल्यावर एका घराचं काम चालू होतं, तिथल्या इलेक्ट्रिशियनचा नंबर वॉचमनने दिला. माणूस पस्तिशीचा, बोलायला अतिशय नम्र. स्टुलावर चढला, एक फ्यूज उपसून काढला आणि त्याच्यावरचा काळा डाग माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे घरात ठेवून तुम्हाला झोप कशी लागते?" मग मोबाइलवर एका जळलेल्या घराचे फोटो दाखवले. आई (माझ्या सासूबाई) आतून ऐकत होत्या, त्या घाबरल्या. "आजी, काळजी करू नका, दोन दिवसांत एकदम नवीन करून देतो," म्हणाला. आठ खणांचा डीबी, एमसीबी (वायरवर जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच), आरसीसीबी, मजुरी, सगळं मिळून १४,५०० रुपये. कागद मागितला तर वहीच्या पानावर 'इलेक्ट्रिक पॅनल काम १४,५००' एवढं लिहून सही केली. कोणती कंपनी, किती अँपिअरची एमसीबी, वायर किती स्क्वेअर एमएमची, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं. मी विचारलंही नाही. मला तेव्हा ते प्रश्नच माहीत नव्हते.

कामाला आला तो मे महिन्याच्या भर उन्हात, सकाळी दहाला. अर्ध्या तासात जुना बोर्ड भिंतीवरून खाली. वायरी भिंतीतून लोंबत होत्या. आणि मग त्याने घाम पुसत सांगितलं, "मॅडम, मीटरपासून वर आलेली केबल गेलेली आहे. यावर नवीन पॅनल चालू केलं तर मी जबाबदार नाही."

घरात वीज नाही. आईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. नवरा नागपूरला. बोर्ड खाली उतरलेला असताना मी त्याला 'नको, जा' म्हणणार तरी कशी? केबलचे १६,८०० कबूल केले. दुपारी तो म्हणाला, बिल्डिंगचं अर्थिंगच मेलेलं आहे, नवीन ओढावं लागेल, ७,५००. संध्याकाळी म्हणाला, एसीमुळे लोड वाढवून घ्यावा लागेल, नाहीतर महावितरण दंड लावेल. ऑफिसात त्याची ओळख आहे, ९,००० रोख द्या, तुम्हाला हेलपाटे नकोत. दुसऱ्या दिवशी जाताना 'सेफ्टी सर्टिफिकेट'चे २,५००. बेरीज केली तेव्हा ५०,३०० झाले होते. पहिल्या दोन रकमा यूपीआयने गेल्या, त्याही कुणा भलत्याच नावाच्या खात्यावर. बाकी सगळे रोख.

पांढराशुभ्र डबा, आत ओळीने निळ्या दांड्या. दिसायला फार सुंदर काम होतं. फ्यूज उडायचे थांबले. एसी रात्रभर चालायला लागला. आम्ही निर्धास्त झालो, आणि आता मागे वळून बघताना त्या निर्धास्त झोपेचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

सप्टेंबरमध्ये आई म्हणाल्या, "अगं, मशीनला हात लावला की मुंग्या येतात." ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मी हात लावून पाहिला. खरंच, बारीक झिणझिण. म्हणून पुतण्याला फोन केला, आणि त्याने ते बटण दाबायला सांगितलं.

तो आला तो आपल्या सरांच्या ओळखीच्या एका लायसनधारक कंत्राटदारांना घेऊनच. साठीचे गृहस्थ, हयात याच कामात गेलेली. त्यांनी मेन बंद केला, टेस्टर लावून दोनदा खात्री केली, डीबीचं पुढचं कव्हर काढलं आणि मला जवळ बोलावलं. "ताई, तुम्ही स्वतःच बघा."

आरसीसीबीला वरून दोन वायरी येत होत्या. खालून एकही निघत नव्हती. आयसोलेटरवरून (डब्यातल्या मेन स्विचवरून) एक वायर तिला वळसा घालून सरळ एमसीबींच्या तांब्याच्या पट्टीवर गेली होती आणि न्यूट्रलही (वीज परत नेणारी वायर) तसाच. आरसीसीबी डब्यात बसवलेली होती, तिच्यात वीज येत होती, बटण दाबलं की ती पडतही होती. फक्त घराची वीज तिच्यातून जातच नव्हती. त्यांनी समजावलं ते असं: फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. शॉक बसतो तेव्हा त्यातला काही माणसाच्या अंगातून जमिनीत जातो. हा फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास पोचायच्या आत आरसीसीबी वीज तोडते. "एमसीबी वायरला वाचवते ताई, आरसीसीबी माणसाला."

मग त्या माणसाने ती बाजूला का ठेवली? कारण ती जोडल्यावर टिकत नसणार. जुन्या वायरिंगमध्ये कुठेतरी गळती असली की नवी आरसीसीबी सारखी पडते. ती गळती शोधायला वेळ लागतो, एकेक सर्किट सुटं करावं लागतं. त्याने ते कष्ट वाचवले.

एमसीबी सगळ्याच्या सगळ्या ३२ अँपिअरच्या होत्या, दिवे-पंख्यांनाही. दिव्यांच्या सर्किटला ६ अँपिअरची पुरते. आमच्या जुन्या बारीक वायरींना दहा-बारा अँपिअरच्या पुढे झेपत नाही. ३२ ची एमसीबी पडेपर्यंत भिंतीतली वायर भाजून निघाली असती. फ्यूज उडायचे थांबले होते ते याच कारणाने. जुना किटकॅट फ्यूज निदान उडत तरी होता, म्हणजे आपलं काम करत होता.

त्यांनी एक एमसीबी काढून हातात दिली. आयएसआयचं चिन्ह होतं, पण त्याच्याबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा जो लायसन क्रमांक असतो, तो अर्धवट पुसट छापलेला. पुतण्याने बीआयएस केअर ॲपवर तो टाकून पाहिला. अशा क्रमांकाचं लायसन निघालंच नाही.

पण मला आजही डोळ्यांपुढे दिसते ती केबल. डीबीत येणारी वायर जाड, लाल, नवीकोरी तांब्याची होती, त्यामुळे पाहणाऱ्याला शंका येणार नाही. त्यांनी ती हलकेच ओढली. दीड फुटाचा तुकडा होता. भिंतीच्या तोंडाशी तो १९८६ च्या ॲल्युमिनियमच्या वायरीला नुसता पिळून जोडलेला आणि वर काळी टेप. टेप एका बाजूने तपकिरी होऊन चिवट झाली होती, बोटाला चिकटत होती आणि तिला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तांबं आणि ॲल्युमिनियम असे पिळून जोडले की तो सांधा सैल होत जातो आणि तापत राहतो, त्याला वेगळे कनेक्टर लागतात. या सांध्यातून चार महिने एसी चालला होता. त्या सांध्याच्या बरोबर खाली आमचं चपलांचं लाकडी कपाट आहे.

खाली मीटर रूममध्ये जाऊन पाहिलं. आमच्या मीटरच्या झाकणावरचं सील जुनंच, त्यावर धुळीचा थर. म्हणजे केबल बदलली नाही हे तिथेही दिसतच होतं. (ते सील ग्राहकाने किंवा खासगी इलेक्ट्रिशियनने तोडायचंच नसतं, मीटरशी छेडछाड हा वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. मीटरवर काम असेल तर महावितरणकडे रीतसर अर्ज करायचा.) अर्थिंगची हिरवी वायर डीबीच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेली आणि भिंतीच्या आत वीतभर जाऊन संपलेली. इमारतीचं अर्थिंग चांगलं होतं, ते आमच्या घरापर्यंत जोडलेलंच नव्हतं. मशीनच्या मुंग्या तिथून.

आणि ते लोड वाढवण्याचे ९,०००? तुमचं वीजबिल काढून बघा, त्यावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. मे पासूनची चारही बिलं मी ओळीने मांडली. आकडा तोच. अर्जच केलेला नव्हता. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर घरबसल्या करता येतो, पैसे भरले की पावती मिळते, आणि शंका असेल तर १९१२ वर फोन करून विचारता येतं. 'साहेबांना द्यायचे आहेत' म्हणून कुणी रोख मागत असेल तर दारातच थांबवा.

काम पुन्हा करून घेतलं. या वेळी आधी लेखी अंदाजपत्रक, वस्तूवार. डबा तेवढा कामाचा निघाला, तो ठेवला. दुकानाच्या पक्क्या बिलाप्रमाणे आरसीसीबी २,१५०, आयसोलेटर ४५०, सात एमसीबी १,३३०. मीटरपासून वर नवीन मेन आणि अर्थिंगची वायर, शिवाय एसी आणि गिझरच्या स्वतंत्र वायरी मिळून ९,४००. मजुरी ७,५००. एकूण २०,८३०. मीटरकडच्या जोडणीसाठी महावितरणला कळवून त्यांच्या माणसासमोर काम झालं. वायरीचं वेटोळं माझ्यासमोर उघडलं, रिकामी खोकी माझ्याकडे ठेवली. पॅनलचा खर्च म्हणतात तो मुख्यतः वायर आणि वेळ यांचा असतो. डब्यातल्या सगळ्या वस्तू चार हजारांच्याही आत आल्या. तुमच्याकडे घर लहान-मोठं असेल, भाव बदललेले असतील, पण आकडे असे सुटे सुटे मांडून घ्या. 'सगळं मिळून' हा शब्द ऐकला की कागद पुढे करा.

त्या गृहस्थांचा अर्धा दिवस गेला तो गळती शोधण्यात. मेगर (वायरीच्या आवरणातून गळती होते का ते मोजणारं यंत्र) लावून एकेक सर्किट तपासत ते बाथरूमपर्यंत पोचले. गिझरच्या पॉइंटमागे न्यूट्रलचं आवरण सोललेलं होतं आणि तांबं ओलसर भिंतीला टेकलेलं. तेवढी वायर बदलली, आरसीसीबी वर केली, ती टिकली. मग त्यांनी मला बटण दाबायला सांगितलं. घर एकदम शांत झालं. पंखा हळूहळू थांबला. आई आतून ओरडल्या, "लाइट गेली का गं?" आणि मला रडू आलं.

जाताना त्यांनी टेस्ट रिपोर्ट दिला. त्यावर मेगरचं रीडिंग, अर्थिंगचं रीडिंग, त्यांचा लायसन क्रमांक आणि सही आहे. महाराष्ट्रात हे लायसन शासनाच्या विद्युत निरीक्षण विभागाकडून मिळतं, आणि ते दाखवा म्हटलं तर खऱ्या कंत्राटदाराला राग येत नाही. आधीच्याने दिलेलं 'सेफ्टी सर्टिफिकेट' काढून पाहिलं. त्यावर ना क्रमांक होता ना एक रीडिंग.

पहिल्या माणसाला फोन केला तेव्हा आधी हसला, मग "जुन्या बिल्डिंगमध्ये असंच करावं लागतं मॅडम" म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. महावितरणच्या नावावर पैसे घेतल्याची लेखी तक्रार करते आहे, असा मेसेज त्याला पाठवला. तिसऱ्या दिवशी वॉचमनकडे पाकिटात ९,००० आले. बाकीचे ४१,३०० आलेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाची कागदपत्रं तयार करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. नशिबाने यूपीआयच्या नोंदी, वहीचं पान आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे आहेत. कव्हर काढल्यावरचे फोटो पुतण्याने काहीही हलवायच्या आधी काढून ठेवले होते; काम पुन्हा करून घेण्याच्या घाईत हे राहून जातं.

आमच्या इमारतीत त्याने आणखी तीन घरांत काम केलं आहे, हे मला नंतर कळलं. गेल्या रविवारी मी आणि पुतण्या तिन्ही घरी गेलो. तळमजल्यावर बटण दाबलं, वीज गेली. दुसऱ्या मजल्यावर दांडी पडली आणि टीव्ही चालूच राहिला. पहिल्या मजल्यावरच्या काकू एकट्या असतात, वय ७८. त्यांनी स्वतःच बटण दाबलं, मान वर करून पंख्याकडे बघत राहिल्या, आणि मला म्हणाल्या, "थांबायला हवा होता ना गं हा?"

त्यांचा गिझर त्या दिवसापासून बंद ठेवला आहे, पाणी गॅसवर तापवतात. येत्या शनिवारी मेगर घेऊन ते गृहस्थ आधी त्यांच्याकडे येणार आहेत.