करारावरची गाडी की बाजारातले भाडे? एका ट्रकच्या मालक-चालकाचा हिशेब

पंधरा-वीस वर्षे दुसऱ्याची गाडी चालवल्यावर स्वतःची गाडी घ्यायला निघालेला चालक कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी, हप्ता किती बसेल आणि बॉडी कुठे बांधावी यांवर महिनोन्‌महिने चौकशी करतो. ती गाडी लावायची कुठे, या प्रश्नावर मात्र त्याच्या निम्मा वेळही घालवत नाही. त्याच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. गाडी एखाद्या कंपनीच्या किंवा तिच्या वाहतूक ठेकेदाराच्या करारावर ठरलेल्या मार्गासाठी लावायची, किंवा दलालांमार्फत खुल्या बाजारात मिळेल ते भाडे उचलायचे. दोन्हींकडे कमाई होते आणि दोन्हींकडे हप्ते थकले की गाडी ओढूनही नेली जाते. फरक आहे तो नुकसान कोणत्या दाराने आत येते याचा, आणि हा आढावा प्रामुख्याने त्याविषयीच आहे.

तुलनेसाठी गाडी एकच धरू. ती दहा चाकी आणि २८ टन एकूण वजनाची आहे, म्हणजे कायद्यात बसणारा माल सुमारे १८ टन. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरचे मान्य वजन वाढवले, त्याआधी हीच गाडी २५ टनांची गणली जात असे. बॉडीसह किंमत ३८ लाख, त्यातले ८ लाख घरचे आणि ३० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी, असे मानले तर मासिक हप्ता जवळपास ६३,७०० रुपये येतो. हे आणि पुढचे दर गणितासाठी धरलेले आहेत. वाचकाने आपल्या पंपावरचा डिझेलचा भाव आणि आपल्या मार्गाचा टोल घालून ते बदलावेत, हिशेबाची रीत तीच राहील. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हेही येथे नोंदवायला हवे. कराची वजावट घेणाऱ्या मोठ्या ताफेवाल्याला त्याने विशेष फरक पडत नाही, पण ज्याची जीएसटी नोंदणीच नाही अशा एका गाडीच्या मालकासाठी ही सरळ बचत आहे.

गाडी उभी असो वा धावती, महिन्याला लागणारा खर्च आधी पाहू. हप्ता ६३,७००. विमा महिन्याला सुमारे ६,५००. त्यात २० ते ४० टनांच्या गटातील गाडीचा थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता जून २०२२ च्या दराने ४३,९५० रुपये आणि वर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा येतो. रस्ता कर, नॅशनल परमिट, फिटनेस, पीयूसी यांचे मिळून ४,००० धरावेत. क्लीनरचा पगार १२,०००, दोघांचा भत्ता म्हणजे जेवणखाण ११,००० आणि ताडपत्री, रस्सा, पार्किंग, फोन असे किरकोळ २,८००. एकूण बरोबर एक लाख होतात. या लाखात चालकाचा स्वतःचा पगार धरलेला नाही, ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवावी, कारण नव्वद टक्के मालक-चालक तिथेच चुकतात असे माझे मत आहे.

आता करारावरची गाडी. वाळूज औद्योगिक वसाहतीतून भिवंडीच्या गोदामांपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर माल न्यायचा आणि रिकामे क्रेट व पॅलेट घेऊन परत यायचे, असा करार समजू. एका फेरीचे, म्हणजे जाऊन-येऊन ६०० किलोमीटरचे, ३०,००० रुपये आणि महिन्याला दहा फेऱ्या. परतीचे वजन हलके असल्याने लिटरला सरासरी ४.६ किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज पडेल. डिझेल ९० रुपये लिटर धरल्यास किलोमीटरला १९.६० रुपये. त्यावर बीएस-६ गाडीला धुरातले प्रदूषण घटवण्यासाठी लागणारा यूरिया ६० पैसे, टोल ४ रुपये, टायर २.३० रुपये, ऑइल आणि दुरुस्ती २ रुपये. एकूण साडेअठ्ठावीस रुपये, म्हणजे ६,००० किलोमीटरचे १,७१,००० रुपये. त्यात वरचा एक लाख मिळवला की खर्च २,७१,००० आणि उत्पन्न ३,००,०००. उरले २९,०००. नोकरी करणाऱ्या अनुभवी चालकाचा पगार यापेक्षा फार वेगळा नसतो. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी हप्ता फिटेपर्यंत हाती पडते ती मजुरीच. तिला नफा म्हणू नये.

यावर ‘हप्त्यातून गाडी आपली होते आहे ना’ असे उत्तर नेहमी मिळते. पहिल्या वर्षी भरलेल्या ७ लाख ६५ हजारांपैकी सुमारे २ लाख ७८ हजार व्याजात जातात आणि मुद्दल ४ लाख ८७ हजारांनी उतरते. पण त्याच वर्षात नव्या गाडीची बाजारातली किंमतही साधारण तितकीच, कधी अधिक, घसरते. पहिली दोन वर्षे तरी ही बचत कागदावरचीच समजावी. खरी बचत तिसऱ्या वर्षापासून दिसू लागते, आणि तोवर टिकणे हाच खरा प्रश्न असतो.

कराराची कमजोर बाजू दराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, फेऱ्यांच्या संख्येत आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाल्यापासून रस्त्यावरचे तास वाचतात. परंतु वाचलेले तास गोदामाच्या गेटबाहेरच्या रांगेत परत जाणार असतील तर त्यांचा उपयोग नाही, आणि समृद्धीचा टोल कोण भरणार हे करारात लिहिलेले नसेल तर तो चालकाच्याच गळ्यात पडतो. माल खाली व्हायला दर फेरीत एक दिवस जादा लागला की दहाच्या आठ फेऱ्या होतात. उत्पन्न ६०,००० ने घटते, धावण्याचा खर्च ३४,२०० नेच घटतो आणि २९,००० चे ३,२०० उरतात. चालकाने काही चूक केलेली नसते, गाडी बिघडलेली नसते. म्हणून करार वाचताना दरापेक्षा आधी दोन कलमे शोधावीत. किमान किती फेऱ्यांची हमी आहे, आणि गाडी ठरावीक तासांच्या पलीकडे थांबली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याची भरपाई, किती व कोणत्या तासापासून मिळते. ‘हॉल्टिंग देऊ, बघू’ या तोंडी आश्वासनाला हिशेबात शून्य किंमत द्यावी. तिसरे कलम डिझेलचे. भाव लिटरला ५ रुपयांनी वाढला तर या गाडीवर महिन्याला सुमारे साडेसहा हजारांचा भार पडतो, म्हणजे २९,००० मधला पाचवा हिस्सा गेला. भाववाढीप्रमाणे दर बदलण्याची तरतूद नसलेल्या करारावर सही करणे म्हणजे तेलाच्या बाजाराशी पैज लावण्यासारखे आहे.

खुल्या बाजाराचा हिशेब निराळ्या पायावर उभा राहतो. जालन्याची सळई, पिंपळगावचा कांदा, गडचांदूरकडचे सिमेंट किंवा कळंबोलीचे पोलाद, जिथे जे मिळेल ते भरायचे आणि जिथे पोहोचू तिथून परतभाडे शोधायचे. भरल्या गाडीला किलोमीटरमागे ६० रुपये भाडे मिळते असे धरू. महिन्यात ७,००० किलोमीटर धाव, बहुतेक काळ गाडी पूर्ण भरलेली, म्हणून अ‍ॅव्हरेज ४.३ आणि धावण्याचा खर्च किलोमीटरला ३० रुपये. तो झाला २,१०,०००, आणि स्थिर खर्च वाटेतल्या वरकड खर्चासह १,०५,०००. एकूण ३,१५,०००. भाड्यातून दलालाचे कमिशन, वजनातली तूट आणि पावतीवरची कपात मिळून पाच टक्के जातात.

यात निर्णायक आकडा एकच आहे, तो म्हणजे ७,००० पैकी भरलेले किलोमीटर किती. नव्वद टक्के असतील तर हाती ३,५९,१०० येतात आणि ४४,१०० उरतात. ऐंशी टक्के असतील तर उरतात ४,२००. सत्तर टक्क्यांवर महिन्याला ३५,७०० चा तोटा. दर दहा टक्क्यांमागे जवळपास चाळीस हजारांचा फरक पडतो. भाड्यात टनामागे पन्नास रुपये वाढवून घेण्यासाठी तासभर घासाघीस करणारा चालक परतीला दीडशे किलोमीटर रिकामा जातो, तेव्हा त्याने मिळवलेले ९०० आणि डिझेल-टोलात घालवलेले जवळपास ३,५०० यांची तुलना तो सहसा करत नाही. पावसाळ्यात बांधकामे मंदावली की सळई-सिमेंटची भाडी उतरतात आणि परतभाड्यासाठी दोन-तीन दिवस तळावर बसावे लागते. दिवाळीपूर्वी आणि मार्चअखेरीस हेच चित्र उलटे होते. म्हणून बाजारातल्या गाडीचा हिशेब एका महिन्यावरून कधीही करू नये.

जादा माल भरून ही दरी बुजवण्याचा मोह होतो. तीन टन जादा भरले तर ६०० किलोमीटरच्या खेपेत सुमारे ६,००० रुपये वर मिळतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे, म्हणजे या खेपेला २६,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. चार खेपा सुटल्या आणि पाचवी सापडली तरी हिशेब उणे. टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांची झीज यात धरलेली नाही.

येथवर पाहता आठ फेऱ्यांचा करार आणि ऐंशी टक्के भरलेला बाजार जवळजवळ एकाच ठिकाणी, तीन-चार हजारांवर, येऊन थांबतात. त्यामुळे ‘कोणत्यात जास्त मिळते’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. गेटवरचा खोळंबा आपल्या हातात नसतो, तो करारात बांधून घेता आला तरच. रिकामे किलोमीटर मात्र ओळखीपाळखीने, दोन-तीन शहरांतल्या विश्वासू ट्रान्सपोर्टवाल्यांच्या जोरावर, चालकाला स्वतः कमी करता येतात. ज्याच्याकडे अशा ओळखी आहेत त्याने बाजारात उतरावे. ज्याची सगळी हयात एकाच मार्गावर गेली त्याने पहिल्याच वर्षी उतरू नये.

रोख पैशाच्या बाबतीत बाजार उजवा आहे, आणि हे अनेकांना उलटे वाटते. बाजारात माल भरतानाच भाड्याचा मोठा भाग अ‍ॅडव्हान्स मिळतो, बाकी पोहोच पावती दिल्यावर. ती बाकी कधी रखडते, कधी कापली जाते, पण डिझेल आणि टोल त्याच भाड्याच्या पैशातून निघतात. करारावरच्या गाडीचे बिल मात्र महिनाअखेरीला लागते आणि पैसे ४५ ते ६० दिवसांनी येतात. दरम्यान डिझेल, यूरिया आणि टोल यांचे महिन्याचे सुमारे १,४५,००० रुपये खिशातून घालावे लागतात, म्हणजे दोन महिन्यांचे जवळजवळ ३ लाख अडकतात. ते हातउसने शेकडा दोनने घेतले तर महिन्याला ६,००० व्याज, आणि वरचे २९,००० तेवीसवर येतात. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे खरा. पण एका गाडीचा मालक त्यासाठी दाद मागायला गेला तर पुढच्या महिन्यापासून त्याची गाडी भरली जाईलच असे नाही. ठेकेदार डिझेलचे कार्ड देत असेल आणि बिलातून वळते करून घेत असेल, तर दर किंचित कमी असला तरी तो करार मी श्रेष्ठ मानतो.

जुनी गाडी घ्यावी का, हा प्रश्न यातूनच उद्भवतो. पाच वर्षे वापरलेली गाडी १८ लाखांना, त्यात १२ लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी, असा व्यवहार धरला तर हप्ता ४१,००० पडतो, म्हणजे नव्यापेक्षा २२,७०० कमी. पण दुरुस्ती, टायर आणि घटलेला अ‍ॅव्हरेज मिळून किलोमीटरला ३ रुपये जादा गेले तर ७,००० किलोमीटरचे २१,००० तिथेच परत जातात. फायदा एवढाच की कर्ज तीन वर्षांत संपते. शिवाय कंपन्यांचे करार बहुधा ठरावीक वयापर्यंतच्या गाड्या मागतात, आठ वर्षांनंतर फिटनेस दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावा लागतो आणि अशा दहा चाकी गाडीला नॅशनल परमिट वयाच्या पंधरा वर्षांपर्यंतच असते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने बाजाराची वाट निवडलेलीच असते, ती त्याला तेव्हा कळो वा न कळो.

कराचा विषय दोन्हींकडे सारखा आणि तुलनेने सोपा आहे. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला अनुमानित उत्पन्नाची सवलत असून ती १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४४एई म्हणून ओळखली जाई. १२ टनांवरील गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरले जाते, म्हणजे २८ टनांच्या गाडीचे वर्षाला ३,३६,०००. गाडी गॅरेजमध्ये उभी असलेला महिनाही त्यात मोजला जातो. दुसरे काही मोठे उत्पन्न नसेल तर कर लागत नाही, तरी विवरणपत्र भरावे, कारण पुढचे कर्ज त्याच कागदावर मिळते. ठेकेदाराला पॅनसह दहापर्यंतच गाड्या असल्याचे घोषणापत्र दिले की बिलातून टीडीएस कापला जात नाही. करारावर गाडी लावणाऱ्याने ते पहिल्याच बिलासोबत द्यावे.

ज्याच्याजवळ तीन लाखांची गंगाजळी आहे, घरी वरचेवर परतण्याची गरज आहे आणि किमान नऊ फेऱ्यांची लेखी हमी मिळते आहे, त्याने नवी गाडी घेऊन करार धरावा, असे मला वाटते. हमी मिळत नसेल तर सही करण्यापूर्वी त्याच मार्गावर आधीपासून लागलेल्या एखाद्या गाडीसोबत दोन-तीन फेऱ्या कराव्यात आणि गोदामाच्या गेटवर गाडी किती वाजता आत गेली, किती वाजता रिकामी होऊन बाहेर आली, हे वहीत लिहून आणावे. त्यातली एक फेरी शनिवारी पोहोचणारी निवडावी.