डंजन्स अँड ड्रॅगन्सची १९८१ ची आवृत्ती : काही महिन्यांच्या खेळानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेत फाशांच्या आधारे खेळायचा साहसखेळ. तो खेळायला आमचा गट नागपुरात धरमपेठेतील एका घरी रविवारी दुपारी जमतो. २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती आम्ही बरीच वर्षे खेळलो आणि तिच्याविषयी आमची मोठी तक्रारही नव्हती. मात्र गेल्या हिवाळ्यापासून टेबलावर टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला १९८१ चा बेसिक संच आणि त्याला जोडून त्याच वर्षी आलेला, डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांचा एक्स्पर्ट संच आहे. दोन्ही पुस्तिका प्रत्येकी ६४ पानांच्या आहेत. बेसिकमध्ये पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या तीन पातळ्या आणि एक्स्पर्टमध्ये चौदाव्या पातळीपर्यंतचा खेळ येतो. अधिकृत पीडीएफ विकत घेऊन आम्ही ती छापून घेतली. एक्स्पर्टची पाने सुटी करून बेसिकच्या त्या त्या प्रकरणामागे लावता यावीत, अशी सोय मूळ रचनेतच आहे. तशी पाने लावून एकच स्पायरल बाइंडिंग केल्यामुळे सगळे मंत्र सलग सापडतात आणि सगळे राक्षसही. हे काम सुरुवातीलाच करून घ्यावे.

कॅरेक्टर, म्हणजे खेळाडूचे पात्र, तयार करायला पाव तास पुरतो. ताकद, बुद्धी, करिश्मा अशा सहा क्षमतांसाठी तीन फासे सहा वेळा टाकायचे, आकडे आले त्याच क्रमाने लिहायचे आणि त्यांना शोभेल तो वर्ग निवडायचा. फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुरोहित), मॅजिक-युजर (जादूगार), थीफ (चोर), एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग असे एकूण सातच वर्ग आहेत, म्हणजे एल्फ ही नव्या आवृत्तीप्रमाणे केवळ पात्राची जमात नसून स्वतःच एक वर्ग आहे. पाचव्या आवृत्तीतील भरगच्च कॅरेक्टर शीटची सवय असलेल्यांना हा कागद रिकामा वाटतो. गुप्त दार शोधताना सहापैकी एक संधी मिळते, एल्फला दोन मिळतात. पण निरीक्षण, समजावणी, धाकदपटशा अशी कौशल्ये कागदावर कुठेच नाहीत. त्यामुळे ‘मी पर्सेप्शन टाकतो’ असे म्हणण्याची सोय उरत नाही आणि खेळाडूला खोलीविषयी प्रश्न विचारावे लागतात. पहिल्या काही बैठकींत सगळे जण कागदाकडे बघत गप्प बसायचे. पुढे मात्र भिंतीला ओल आहे का, धूळ कोणत्या बाजूला पुसली गेली आहे, बिजागऱ्या आतून आहेत की बाहेरून, असे प्रश्न आपोआप येऊ लागले.

या आवृत्तीचा खरा कणा मला वेळेच्या हिशेबात दिसतो. डंजनमधील, म्हणजे राक्षस आणि खजिना असलेल्या तळघरातील, हालचाल दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजली जाते. मशाल सहा टर्न चालते, कंदिलातील तेलाची एक कुपी चोवीस टर्न. सहापैकी एक टर्न विश्रांतीत घालवावा लागतो आणि साधारणपणे दर दोन टर्नला डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा; आमच्याकडे मी) सहा बाजूंचा फासा टाकायचा असतो; एक पडला की भटके राक्षस येतात. वाचताना हे सारे कारकुनी वाटते, आणि बहुतेक गट नेमके हेच नियम गाळतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. मी चौकटीच्या वहीत टर्नची ओळ काढतो, प्रत्येक टर्नला एक चौकट काट मारतो आणि वही सर्वांना दिसेल अशी टेबलाच्या मधोमध ठेवतो. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याने पाने उडतात म्हणून तिच्यावर फाशांचा डबा ठेवावा लागतो, एवढीच काय ती अडचण. पाचव्या चौकटीवर काट पडली की टेबलावरची चर्चा बदलते. खोलीची आणखी एक भिंत तपासायची की परत फिरायचे, हा निर्णय खेळाडूंना खरोखर घ्यावा लागतो, कारण तपासणीला एक टर्न जातो आणि पुढची मशाल कोणाच्या तरी पाठीवरच्या ओझ्यातून निघायची असते. आमच्यातील वकील मित्र, जो पूर्वी लढाई सुरू होईपर्यंत फोन बघत असे, तो आता सर्वांआधी विचारतो, “काऊन बे, मशाल कोणाकडे हाय? किती राहिल्या?”

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे अनुभवाचे गुण. सुरक्षित बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक गुण मिळतो, तर एक कोबोल्ड (अगदी दुबळा राक्षस) मारल्याचे फक्त पाच. फायटरला दुसऱ्या पातळीसाठी २००० गुण लागतात, त्यामुळे निव्वळ मारामारीवर पातळी वाढवू पाहणारा लवकरच मरतो. यामुळे लढाई टाळणे हेच शहाणपण ठरते, आणि ते शक्य करणारे दोन नियम याच पुस्तकात आहेत. समोर कोणी आले, तर त्याची वृत्ती दोन फाशांच्या बेरजेवर ठरते : दोन आल्यास थेट हल्ला, बारा आल्यास मैत्री आणि मधल्या आकड्यांवर संशय किंवा बोलणी. शिवाय प्रत्येक राक्षसाला धैर्याचा आकडा असतो. कोबोल्डचा सहा, सांगाड्याचा बारा. पहिला साथीदार पडला की दोन फासे टाकायचे आणि बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. सांगाडा अर्थातच कधीच पळत नाही.

मूळ संचासोबत गॅरी गायगॅक्स यांचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे मॉड्यूल, म्हणजे तयार साहस, मिळत असे. आम्ही तेच खेळलो. त्यातील दरीत वेगवेगळ्या टोळ्यांच्या गुहा आहेत आणि एकीचे दुसरीशी पटत नाही. एका बैठकीत गॉब्लिन पहारेकरी समोर आले आणि फाशांची बेरीज नऊ आली, म्हणजे ते सौदा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत होते. माझा भाचा सरळ तलवार काढायला निघाला होता. वकिलाने त्याला थांबवले, “थांब ना बे, आधी त्यांना पैसे इचार.” भाचा म्हणाला, “भाऊ, मग तुम्हीच समोर जा, मी नाही जात.” शेवटी वकील समोर गेला, शेजारच्या हॉबगॉब्लिनांची बातमी थोड्या नाण्यांत विकत घेतली आणि एकही थेंब रक्त न सांडता सगळे परतले. यातील एकही गोष्ट मी आधी ठरवलेली नव्हती, आणि डीएम म्हणून मला याच गोष्टीचे सर्वाधिक सुख आहे.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिल्या पातळीचा थीफ सापळा शोधण्यात दहा टक्केच यशस्वी होतो, कुलूप उघडण्यात पंधरा टक्के. ज्याच्या नावावर हे काम आहे, त्याला ते जमत नाही, ही मला सरळ सदोष रचना वाटते. मॅजिक-युजरला दिवसाला एकच मंत्र मिळतो, पहिल्या पातळीच्या क्लेरिकला तर एकही नाही. आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला, म्हणजे चिलखत नसताना नऊ आणि प्लेट मेलमध्ये तीन. नव्या खेळाडूचा यात हमखास गोंधळ होतो आणि दर हल्ल्याला तक्ता बघावा लागतो. मृत्यू फार स्वस्त आहे. मॅजिक-युजर आणि थीफ यांचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) चार बाजूंच्या फाशावर ठरतात, त्यामुळे एका तडाख्यात माणूस जातो, आणि विषाच्या सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे जीव वाचवण्यासाठी टाकायच्या फाशात, चुकलात तर संपलेच. ज्यांना आपल्या कॅरेक्टरची दीर्घ कथा आधीच लिहून आणायची असते, त्यांचा येथे विरस होईल. हाफलिंग आठव्या पातळीवर, एल्फ दहाव्यावर आणि ड्वार्फ बाराव्यावर अडकतो. आम्ही तिथवर पोहोचलेलो नाही, त्यामुळे ते सध्या कागदावरच आहे.

आम्ही नियमांत मोजकेच बदल केले. पहिल्या पातळीला हिट पॉइंट पूर्ण देतो, आणि सापळ्याचे काम खेळाडूने नीट वर्णन केले तर थीफची टक्केवारी टाकतच नाही. सर्व शस्त्रांचे नुकसान सहा बाजूंच्या एकाच फाशाने मोजण्याचा मूळ नियम मात्र ठेवला आहे. शस्त्रागणिक वेगळा फासा हा पुस्तकातच दिलेला पर्याय आहे, पण तो घेतल्यावर सगळेच मोठी तलवार मागू लागतात. मजूर आणि सेवक नेमण्याचे नियम आवर्जून वापरावेत. करिश्मा या आकड्यावर किती सेवक मिळतात आणि ते कितपत निष्ठावान राहतात हे ठरते, त्यामुळे नव्या आवृत्तीत अनेक जण दुर्लक्षित ठेवतात तो आकडा इथे जीव वाचवतो.

केवळ संग्रहासाठी घ्यायचे असेल तर एरोल ओटस यांच्या मुखपृष्ठावरील हिरव्या ड्रॅगनसाठीही बेसिक पुस्तिका घ्यावी. खेळण्यासाठी घेत असाल आणि जुन्या मांडणीचा कंटाळा येत असेल, तर गॅव्हिन नॉर्मन यांचे ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ याच नियमांची नेटकी पुनर्मांडणी आहे. टेबलावर पान शोधण्याच्या बाबतीत ते सरस आहे. शिकवण्याच्या बाबतीत मात्र मोल्डवेच, कारण त्यात खेळाच्या एका प्रसंगाचे संवादरूप उदाहरण दिले आहे आणि त्यातील एक पात्र मरतेसुद्धा. नव्या खेळाडूला मी तेवढीच पाने आधी वाचायला देतो. आमचे खेळाडू आता चौथ्या पातळीवर पोहोचत आहेत, म्हणून पुढच्या महिन्यात एक्स्पर्टसोबतचे ‘आइल ऑफ ड्रेड’ हे मॉड्यूल काढणार आहोत. त्याचा षटकोनी घरांचा नकाशा मोठ्या कागदावर छापायला दिला आहे आणि या वेळी नकाशा काढण्याचे काम भाच्याकडे आहे.