जेनेटिक्सची वीकेंड बॅच, नौपाडा : वाटाणे झकास, झेरॉक्स भिकार

मुलगी बारावी सायन्सला आहे, तिच्यासाठी ही बॅच लावली होती. फक्त जेनेटिक्स (आनुवंशिकता), शनिवार-रविवार संध्याकाळी, ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. पूर्ण बायोलॉजीचा क्लास नाहीये हा, हे आधीच सांगते कारण फोनवर विचारलं तर तिथली मुलगी धड सांगत नाही, नुसतं "या ना मॅडम, येऊन बघा" एवढंच. फी साडेचार हजार, एकरकमी, आणि एकदा भरली की परत नाही.

मी स्वतः डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलेली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं आहे, दिवसभर ब्लडग्रुप, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएटू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) हेच चाललेलं असतं. इथे पालकांना मागच्या बाकावर बसू देतात. बाकीचे पालक मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे, मी मात्र कान देऊन ऐकलं, आणि खरं सांगू का, मेंडेल (वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मठातला साधू) सुरू केल्यापासून ब्लडग्रुपपर्यंत सरांनी जे शिकवलंय ना ते आमच्या वेळी कोणी शिकवलं असतं तर लॅबमध्ये लागल्यावर निम्म्या गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या नसत्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांना पांढरे वाटाणे आणि हिरवे वाटाणे मूठमूठभर भिजवून आणायला सांगितलेलं, उसळीला आणतो तेच. (हिरवे घेताना बघून घ्या, पाण्यात टाकल्यावर पाणी हिरवंगार झालं तर रंग मारलेला माल आहे, आमच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाचं तेच झालं.) मग सालं काढायला लावली. पांढऱ्याच्या आत दोन दलं फिकट पिवळी निघतात, हिरव्याच्या आत हिरवी. आता सर विचारतात, हा रंग कोणाचा, ज्या झाडाला शेंग लागली त्या झाडाचा की दाण्याचा स्वतःचा? पोरं गप्प. एकजण म्हणाला झाडाचा. सर म्हणाले, साल झाडाचं, म्हणजे आईचं, आणि आतली दलं दाण्याची स्वतःची, म्हणजे दाणा ही पुढची पिढी झाली, म्हणून एकाच शेंगेत पिवळे आणि हिरवे दाणे शेजारी शेजारी बसलेले मिळू शकतात. हे ऐकून मीच सरसावून बसले. कारण पुस्तकात मेंडेलचे आकडे असतात, पिवळे ६,०२२ आणि हिरवे २,००१, आणि फुलांच्या रंगाला मात्र जांभळी ७०५ आणि पांढरी २२४, एवढीशीच झाडं. असा फरक का, हे कोणी विचारतच नाही. दाण्याचा रंग शेंग सोलली की मोजता येतो, फुलाच्या रंगासाठी तो दाणा पेरायचा, झाड वाढवायचं, फुलाची वाट बघायची, मग ब्र्नोच्या मठातल्या त्या बागेत जागा किती पुरणार! १८५६ ते १८६३ हा माणूस हेच करत होता.

मग गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा. इथेही नुसतं "गोल प्रभावी, सुरकुतलेला अप्रभावी, लिहून घ्या" असं नाही केलं. थंडीत मटार येतो तो गोड लागतो, कारण तो सुरकुतणाऱ्या जातीचा असतो, त्याच्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एन्झाइम बिघडलेलं, मग साखरेचा स्टार्च कमी बनतो, साखर उरते, ती पाणी ओढून घेते, दाणा फुगतो आणि वाळला की आक्रसतो. ते एन्झाइम का बिघडलं तर त्या जनुकात डीएनएचा आठशेएक अक्षरांचा एक फालतू तुकडा घुसलाय, हे १९९० मध्ये कळलं, मेंडेलच्या पेपरला सव्वाशे वर्षं होत आली तेव्हा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून, त्यातली एक चांगली असली तरी एन्झाइम पुरेसं बनतं आणि दाणा गोल दिसतो, म्हणून गोल प्रभावी. "अप्रभावी म्हणजे दुबळा, हरलेला असं काही नसतं रे, त्या प्रतीतून माल निघत नाहीये एवढंच," हे सरांचं वाक्य माझ्या मुलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

रेशोचं, म्हणजे पुढच्या पिढीत प्रभावी तीनास अप्रभावी एक या प्रमाणाचं प्रकरण नाण्यांवर. दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येकाकडे एक रुपयाचं नाणं, छापा म्हणजे मोठा टी (उंचीची प्रभावी प्रत), काटा म्हणजे छोटा टी (बुटकेपणाची अप्रभावी प्रत), दोघांनी एकदम उडवायचं आणि झाड उंच की बुटकं ते लिहायचं, सोळा वेळा. एका बाकावर उंच नऊच आले, दुसऱ्या बाकावर पंधरा, आणि पोरं वैतागली की सर तीनास एक येतच नाहीये. मग सगळ्या बाकांचे आकडे फळ्यावर बेरजेला घेतले तेव्हा कुठे तीनाच्या जवळपास आलं. मेंडेलचा गोल-सुरकुतलेल्याचा हिशोब ५,४७४ ला १,८५० आहे, म्हणजे २.९६, तो सात हजारांवर दाणे मोजून आलाय, सोळा मोजून नाही.

मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला आणि त्याला कारण आहे. थॅलसेमियाचे (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) रिपोर्ट घ्यायला लोक येतात आमच्याकडे, उल्हासनगर-कल्याणकडचे बरेच, सिंधी समाजात कॅरियरचं प्रमाण जास्त आहे म्हणून लग्नाआधी तपासणी करून घेतात आता, चांगली गोष्ट आहे. नवरा-बायको दोघं मायनर (म्हणजे कॅरियर, एकच प्रत बिघडलेली) निघाले की डॉक्टर सांगतात, मूल मेजर (दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे खरा आजार) असायची शक्यता चारात एक. आणि काउंटरवर ऐकू येतं, "पहिल्याला झालाय ना, मग आता पुढच्या तिघांना नाही होणार." अहो तसं नसतं! प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं, मागच्या वेळी काय पडलं ते नाण्याच्या गावीही नसतं. सरांनी नेमका हाच प्रश्न टाकला वर्गात, पहिलं मूल मेजर आहे, दुसऱ्याला शक्यता किती, आणि अर्ध्या वर्गाने शून्य लिहिलं. नाण्याचा खेळ होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. तेव्हा परत नाणी काढायला लावली, ओरडले वगैरे नाहीत. एचबीएटू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की मायनरचा संशय येतो हेही सांगितलं, फक्त अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो हे राहून गेलं, ते मी मागून हात वर करून सांगितलं. सर म्हणाले, "ताई, पुढे येऊन सांगा," मग काय, जाऊन सांगितलं. मुलगी टेबलाखाली शिरायची बाकी होती.

आता बॉम्बे ब्लडग्रुप. मुंबईच्या इतक्या जवळ राहून पोरांना हे पाठ असतं की "एपिस्टॅसिसचं उदाहरण, दोन मार्क" आणि संपलं. (एपिस्टॅसिस म्हणजे एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकणं.) सरांनी ते १९५२ पासून सांगितलं, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत असं रक्त सापडलं की जे ओ सारखं दिसायचं पण ओ चं रक्तही त्याला चालत नव्हतं. ए आणि बी हे अँटीजेन (रक्तपेशीवरच्या खुणा) ज्या खुंटीवर टांगले जातात ती एच नावाची खुंटीच या लोकांकडे नसते, त्यामुळे जनुक ए चं असो की बी चं, टांगणार कुठे. भारतात साधारण दहा हजारांत एक. मग गणित दिलं, आई-बाप दोघं एबी, आणि दोघांकडे एच ची एक प्रत चांगली, एक बिघडलेली, तर मुलं कोणकोणत्या ग्रुपची दिसतील? सोळा चौकोनांचा पनेट स्क्वेअर (आई-बापाच्या प्रतींच्या जोड्यांचा तक्ता) मांडला पोरांनी, उत्तर ए तीन, बी तीन, एबी सहा आणि ओ सारखे दिसणारे चार. एबी आई-बापाच्या पोटी ओ! "हॉस्पिटलात बदललं असेल" म्हणून भांडणं होतील अशा घरात. मी लॅबच्या बाजूने सांगते, नुसतं पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी टाकून ग्रुप काढला तर हा माणूस ओ म्हणूनच निघून जातो, त्याचं सीरम ओ च्या पेशींवर टाकलं की गुठळ्या दिसतात तेव्हा डोक्यात लाल दिवा लागतो, मग अँटी-एच लावून पक्कं करतात. सरांनी ही उलटी तपासणी फळ्यावर चार टेस्ट ट्यूब काढून दाखवली, चुकलं कुठेच नाही, मी बारीक लक्ष ठेवून होते.

मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या माश्यांसाठी काचेच्या बरणीत पिकून काळी पडलेली केळी ठेवलेली, त्यावर आलेली चिलटं भिंगाने बघायची, नराच्या पोटाचं टोक काळं असतं, मादीचं नाही. वास भयानक. पण १९१० मधला तो पांढऱ्या डोळ्यांचा नर, आणि तो गुण एक्स गुणसूत्रावर (मादीत दोन, नरात एकच) का बसवला, हे बरणी समोर असताना पटकन डोक्यात गेलं पोरांच्या. तिथून रंगांधळेपणावर, आजोबांकडून मुलीमार्फत नातवाला, मुलीला स्वतःला काहीच नाही. मोटरमनच्या भरतीत रंगांची तपासणी कशाला करतात, सिग्नल लाल की हिरवा ते दिसायला नको का, हेही आलं. छान झालं तेवढं.

इथवर वाचून पाचपैकी पाच वाटत असतील तर थांबा.

छापील नोट्समध्ये "जीभ नळीसारखी गोल करता येणे : प्रभावी गुण" असं ठळक अक्षरात आहे, खाली कानाची पाळी सुटी की चिकटलेली, तेही तसंच. हे चूक आहे हो. जिभेचं हे १९४० मध्ये स्टर्टेव्हंट या शास्त्रज्ञाने मांडलं होतं, पुढे एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला जमतं एकाला नाही असं दिसून आलं, आणि स्टर्टेव्हंटने स्वतःच नंतर ते मागे घेतलं. कानाच्या पाळीतही एका जनुकाचा हिशोब बसत नाही. तरी हे नोट्समधून नोट्समध्ये चाललंय. पोरं घरी जाऊन आई-बाबांच्या जिभा तपासतात, दोघांना जमत नाही आणि मला जमतं मग मी कोणाचा, अशी मस्करी चालते, आणि सगळ्याच घरांत ती मस्करी राहते असं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, नोट्स जुन्या आहेत, परीक्षेत विचारत नाहीत. मग काढून टाका ना!

दुसरं म्हणजे मॉलिक्युलरचा (डीएनए कसा काम करतो त्याचा) सगळा भाग उरकलाय. बोर्डाच्या पुस्तकात ते स्वतंत्र प्रकरण आहे आणि नीटला १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे, त्यात हा भाग हमखास. ग्रिफिथ, हर्शी-चेज, मेसेल्सन-स्टाल हे डीएनएवरचे प्रयोग सगळे एका दमात, ट्रान्सक्रिप्शन-ट्रान्सलेशन (डीएनएवरून आरएनए आणि मग प्रोटीन) व्हिडिओ लावून, लॅक ओपेरॉन (जनुकं चालू-बंद कशी होतात ते) "घरी वाचा". चौसष्ट कोडॉन (तीन-तीन अक्षरांचे शब्द), त्यातले तीन स्टॉप, बास. आपल्याकडून गेलेल्या हरगोविंद खुरानांना त्याच कामासाठी १९६८ चं नोबेल मिळालं, त्यांचं नावसुद्धा घाईत निघून गेलं. सिकल सेलला मात्र थोडं सावरलं, बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक अॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन, एक अक्षर बदललं की पेशी विळ्यासारखी, आणि एकच प्रत असलेल्यांना मलेरियापासून थोडं संरक्षण. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, आमच्याकडे तिकडचे सँपल येतात, म्हणून मला वाटलं यावर अजून वेळ द्यायला हवा होता. वाटाण्यांना जेवढा दिला त्याच्या निम्मा तरी.

सराव प्रश्नही कमी पडतात. ज्यांना नुसते एमसीक्यू धडाधड सोडवायचेत त्यांनी इकडे पैसे घालू नका, वर्षभराच्या मोठ्या क्लासमध्ये ते होतंच. ज्यांचं पनेट स्क्वेअर पाठ आहे पण टेस्ट क्रॉस (अप्रभावी गुणाच्या झाडाशी संकर) कशासाठी करतात विचारलं की ततपप होतं, त्यांच्यासाठी ही बॅच. माझी मुलगी त्यातलीच होती, आता पेडिग्री (घराण्यातल्या आजाराची वंशावळ) बघून आधी "आजारी आईचा मुलगा बरा आहे का" असं स्वतःशी पुटपुटत सोडवते, म्हणजे एक्सवरचं अप्रभावी नसेल तर ते पहिल्याच फटक्यात बाजूला काढते, मला तेवढं पुरे.

बाकी किरकोळ. हॉल लहान आहे, पंखा एकाच बाजूला, उजवीकडच्या बाकांवर घाम. पार्किंगचं नावच काढू नका, रविवारी संध्याकाळी राम मारुती रोडला खरेदीची गर्दी असते, स्टेशनपासून चालत या सरळ. घोडबंदरकडून येणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवा. काउंटरवर पावती मागितल्याशिवाय देत नाहीत.

पेडिग्रीचे चार्ट झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून काढलेले असतात, आजार असलेले काळे चौकोन आणि नसलेले पांढरे, सगळेच करडे दिसतात, अर्धी पोरं त्यामुळेच उत्तर चुकतात. मूळ रंगीत प्रत सरांच्या कपाटात आहे, मागितली की देतात, फोटो काढून घ्या.

पाचपैकी साडेतीन.