उमरेड ते वडसा रोडवर बास गिटार बनवणारे : कोणाकडे जायचं, कोणाकडे नाही

भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवणाऱ्यांनी हे नक्की वाचा. आपला सीझन म्हणजे एप्रिल, १४ तारखेच्या आगेमागे रोज नवं गाव, आणि नेमका तेव्हाच पारा ४३-४४ वर, दिवसभर गाडीत गिटार तापते अन रात्री स्टेजवर काढली की नेक म्हणजे गिटारची मान वाकलेली, तारा वर उचललेल्या, सुक्या हवेनं फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची फळी) आकसून फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर आलेली, ती तळहाताला लागतात. दुकानातली नवीन बास घेतली तरी दोन उन्हाळ्यात हेच. म्हणून आपल्याच भागात कोणी लाकूड ओळखून बास बनवते का ते पाहायला मी अन आमचा कीबोर्डवाला गाडी घेऊन निघालो, नागपूर-उमरेड-भिवापूर-नागभीड-ब्रम्हपुरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा.

उमरेडकडचा कारागीर फक्त रिपेरिंग करते. सोल्डरिंग अन फ्रेट घासणं एकदम साफ, पैसे पण वाजवी, पण नवीन बनवत नाही. नागभीडच्या अलीकडं एक फर्निचरवाला आहे, त्याच्याकडं कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन, बॉडी अशी कापते की पाहतच राहावं. पण लाकूड ओलं. हात लावला तर गार लागलं, वास पण कच्चा, आणि नेकमध्ये ट्रस रॉडच नाही, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली धातूची सळई! चार तारांची मिळून सत्तर किलोच्या वर ओढ असते भाऊ, रॉडशिवाय ती नेक किती दिवस सरळ राहील? मी त्याला तसं सांगितलं, तो म्हणाला गिऱ्हाईक मागत नाही. पुढं निघालो.

वडशाजवळच्या गावातले काकाजी मात्र वेगळेच. मूळ धंदा हार्मोनियम-ऑर्गन दुरुस्तीचा, वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं गाव, भाऊबीजेपासून मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की रात्र-रात्र नाटकं चालतात आणि ऑर्गन बिघडला की सगळे यांच्याकडं धावतात. बास ते उरलेल्या महिन्यांत बनवतात, मोजक्याच. शेडच्या आडव्या बांबूंवर सागवानाच्या फळ्या ठेवलेल्या, मधे-मधे पट्ट्या घालून, हवा खेळावी म्हणून. काही जुनी घरं पाडली त्यातल्या तुळया, काही डेपोच्या लिलावातलं लाकूड, त्याच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या, मी न विचारता दाखवल्या. मी म्हटलं काकाजी हे कवा कापणार, तर म्हणाले, "अजून दोन पानकरे खाऊ दे त्याले बापू, मग सांगतो." पानकरे म्हणजे पावसाळे. पाऊस आणि ऊन दोन्ही खाऊन जे वाकायचं ते आधीच वाकून घेते, उरलेलं लाकूड मग नेकसाठी.

नेक सागवानाची, तीन पट्ट्या चिकटवून, मधली उलट्या रेषांची. सागवानात तेल असते, फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून ताजं रंधून, थिनरनं पुसून लगेच चिकटवतात, मधे चहा आला तरी थांबले नाही. फ्रेटचं माप स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवलंय, ३४ इंचाची स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी) म्हणजे ८६४ मिमी, पहिला फ्रेट ४८.५ मिमीवर, बारावा बरोबर मधोमध. बॉडी शिवण झाडाच्या लाकडाची, ते सागापेक्षा हलकं, पाच तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हे कळते. ट्रस रॉड, पिकअप (तारेचा आवाज पकडून अँपला देतो तो भाग), खुंट्या बाहेरून मागवतात.

वाजवून पाहिली. खालची ई तार म्हणजे ४१ हर्ट्झ, स्वस्त बासवर ती नुसती भणभणते, इथं सूर स्पष्ट कळत होता, ढोलकीसोबत आवाज मिसळून जात नाही, वेगळा राहते. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. गावात जनरेटरवर प्रोग्राम, अर्थिंगचा पत्ता नाही, तारेवरून हात काढला की घर्रर्र. काकाजींनी आतल्या खाचेत पूर्ण तांब्याची पट्टी लावलीय आणि पिकअप दुहेरी कॉइलचे, त्यामुळं त्यांच्या शेडमधल्या ट्यूबलाइटखाली पण बास शांत. यांनी आमच्यासारख्यांचे प्रोग्राम ऐकून हे केलंय हे दिसते.

कमी काय, ते पण सांगतो. फिनिशिंग साधं, चकाकी पाहिजे असेल तर निराश व्हाल. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, जड आहे, पट्ट्यावर अडकवून हात सोडला की नेक खाली झुकते, हे त्यांनी सुधारलंच पाहिजे, हलक्या खुंट्या लावल्या तरी फरक पडेल, मी तसं सांगून आलो आणि त्यांनी ऐकून घेतलं. आणि तारीख देत नाहीत, लाकूड तयार झालं की फोन करतात. लग्नसराईआधी पाहिजे म्हणून मागे लागू नका.

पैसे चार तारांच्या बासचे तीस हजारांच्या आत, पिकअप कोणते घालता त्यावर. त्या पैशात दुकानातली चकचकीत बास मिळते हे मला माहीत आहे, तरी मी इथंच ऑर्डर दिली, कारण ही नेक आपल्या उन्हातच वाळलेली आहे.

जायचं असेल तर होळीनंतर जा. मंडईच्या दिवसात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसते, पावसाळ्यात पॉलिशला पांढरी झाक येते म्हणून ते काम बंद ठेवतात. आपली जुनी बास सोबत न्या, ते आधी ती वाजवायला लावतात, तुमचा हात कसा पडते ते पाहतात, मग तारांची उंची ठरवतात.