लांबून तापमान आणायचंय? सेन्सरच्या डोक्यातच बसणारा ट्रान्समीटर घ्या

आमची फौंड्री कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून फिरणारं पाणी किती तापलंय यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडं. कूलिंग टॉवर पार मागच्या अंगाला. तिथल्या पाइपात पीटी-१०० आहे, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर. त्याच्यापासून पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) पॅनेलपर्यंत केबल-ट्रेमधून केबल मोजली, १८० मीटर भरली.

पूर्वी हा सेन्सर नुसत्या दोन तारांवर थेट पीएलसीला जोडला होता. पाणी ३८ अंश, पडद्यावर ५५! १ चौरस मिलीमीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १८ ओहम. जाऊन-येऊन ३६० मीटर, म्हणजे साडेसहा ओहम. पीटी-१०० दर अंशाला फक्त ०.३८५ ओहमनं बदलतो, म्हणजे १७ अंशांची खोट एकट्या तारेची. कुणीतरी प्रोग्रॅममध्ये १७ वजा करून विषय मिटवला होता. पण दुपारी पत्रा तापला की तारही तापते, आकडा अंश-सव्वा अंश वर सरकतो. आणि भट्टी फुल पॉवरला गेली की तिच्या पॉवर केबलच्या त्रासानं तो नाचायलाच लागायचा. तिसरी तार ओढली असती तर पीएलसीला तारेचा रेझिस्टन्स वजा करता येऊन खोट गेली असती, नाच राहिलाच असता.

शेवटी उद्यमनगरातल्या एका दुकानातून दोन तारांचा हेड ट्रान्समीटर आणला, १,८५० रुपयांना. काउंटरवरच्या पोरानं आधी विचारलं, "दादा, रेंज किती ठेवू? हितंच सेट करून देतो." शून्य ते शंभर अंश सांगितलं. लॅपटॉपला लावून, मिलिअँपिअर दाखवून, मगच पिशवीत घातला. पैसे जास्त घेतले नाहीत. ही सेवा मला मालाइतकीच मोलाची वाटली.

हा ट्रान्समीटर म्हणजे एक चकती, ती सेन्सरच्या टोपणातच बसते. ओहमचं तिथल्या तिथं ४ ते २० मिलिअँपिअर करते आणि त्याच दोन तारांवरून २४ व्होल्टही घेते. करंट सगळ्या लूपमध्ये (सर्किटच्या वेढ्यात) सारखाच, त्यामुळं तारेचे साडेसहा ओहम आता आकड्यात येत नाहीत. २० मिलिअँपिअरलाही केबलमध्ये जेमतेम ०.१३ व्होल्ट पडतात. शून्य अंशाला ४ आणि शंभरला २०, म्हणजे ३८ अंशाला १०.०८ मिलिअँपिअर यायला हवेत; मल्टिमीटर लूपमध्ये घातला, १०.०७ दिसले. त्या दिवशी मी वजा १७ ची ती ओळ पुसून टाकली.

शून्य अंशालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, याचा फायदा श्रावणात कळला. उंदरानं केबल कुरतडली, करंट थेट शून्यावर आला आणि पीएलसीनं लगेच अलार्म दिला. वायर तुटलीय हे भट्टी बंद करून शोधावं लागलं नाही.

आता तक्रार. स्क्रू फार बारीक आहेत, तारेच्या टोकाचा जाड लग बसत नाही. सोबत आलेलं रबराचं वायसर पावसाळ्यासाठी कुचकामी. जूनमध्ये टोपणात पाण्याचे थेंब जमले, आकडा दोन अंश हलला. मी नवं वायसर आणि दुहेरी ग्लँड (केबल आत जाते तिथलं सील) टाकून, केबल खाली वाकवून वर घेतली, तेव्हापासून आत कोरडं आहे. दुकानानं चांगली वायसरं सोबतच ठेवावीत.

घेणाऱ्यांनी एवढं करा: पिळाची शील्डवाली (वरून धातूचं आवरण असलेली) केबल वापरा, शील्डला अर्थ पॅनेलच्या बाजूलाच द्या, आणि ती भट्टीच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. मी ती वेगळ्या ट्रेमध्ये घेतल्यावरच आकडा खऱ्या अर्थानं स्थिर झाला. पुढच्या आठवड्यात हायड्रॉलिक तेलाच्या टाकीसाठी असेच आणखी दोन आणणार आहे.