कोल्हापूर विमानतळ ते सांगली-मिरज : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उजळाईवाडीचा विमानतळ चांगला आहे, पण तिथून सांगली गाठायची व्यवस्था प्रवाशाने स्वतःच लावायची असते. गेले काही महिने हा मार्ग नियमित वापरात आहे. उन्हाळा, पावसाळा आणि उसाचा हंगाम अशा तिन्ही काळांत तो वेगवेगळा वागतो. तिकीट काढताना विमानाच्या वेळेइतकाच या ५० किलोमीटरच्या आसपासच्या रस्त्याचा विचार करावा लागतो. म्हणून इथे भर रस्त्यावर आहे, विमानावर कमी.

विमानतळ जुना आहे, १९३९ सालचा. नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले आणि तेव्हापासून आतली दाटी गेली. इथे येतात ती ७०-८० जणांची लहान विमाने, एटीआर किंवा एम्ब्रेअर. त्यामुळे उतरल्यावर बॅग हातात यायला मोठ्या विमानतळासारखा वेळ लागत नाही. खरा प्रश्न दाराबाहेर आल्यावर सुरू होतो. थेट सांगलीची एसटी दारात उभी असेल या भरवशावर येऊ नका.

आधी रस्ता नीट समजून घ्या. विमानतळावरून पुणे-बेंगळुरू हायवेला लागायचे, उत्तरेकडे तावडे हॉटेल चौक, मग पंचगंगेचा पूल, मग शिरोलीचा सांगली फाटा. इथपर्यंत १०-१२ किलोमीटर होतात. फाट्यावरून उजवीकडे वळले की हेर्ले, चोकाक, अतिग्रे, हातकणंगले, जयसिंगपूर, उदगाव आणि कृष्णेचा पूल ओलांडून अंकली. अंकलीहून एक रस्ता सांगलीला, दुसरा मिरजेला. मोकळ्या रस्त्याला, म्हणजे पहाटे किंवा रविवारी सकाळी, एक तास पुरतो. एरवी सव्वा ते दीड तास धरावा. संध्याकाळी साडेपाच ते आठच्या दरम्यान शिरोली एमआयडीसीची सुट्टी, तावडे हॉटेलची कोंडी आणि जयसिंगपूर गावातली गर्दी एकदम भेटली तर दोन तासही जातात.

वेळ कुठे जातो हे ठाऊक असले की चिडचिड कमी होते. हायवेच्या सहापदरीकरणामुळे उजळाईवाडी ते शिरोली या पट्ट्यात वाहने कधी मुख्य रस्त्यावर, कधी सर्व्हिस रोडवर वळवली जातात. मागच्या महिन्यात जिथून चढलो तिथून या महिन्यात चढता येईलच असे नाही. फलक उशिरा दिसतात, म्हणून उड्डाणपूल जवळ आला की डावी लेन धरा. शिरोलीच्या पुढे चोकाक ते अंकली हा चौपदरीकरणाचा टप्पा भूसंपादनाच्या मोबदल्यावरून बराच काळ अडला. शेतकऱ्यांची मागणी रास्त आहे, पण रस्ता कुठे रुंद, कुठे अरुंद अशी अवस्था झाली त्याचे कारण तेच. हातकणंगल्याच्या आसपासचे गतिरोधक रात्री दिसत नाहीत. मिरजेला उपचारासाठी पेशंट आणत असाल तर ड्रायव्हरला हे आधीच सांगा, आणि पेशंटला मागच्या सीटवर न बसवता पुढची सीट मागे पाडून बसवा. मागे हिसके जास्त बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. विमानतळ पंचगंगेच्या दक्षिणेला आहे आणि सांगली-मिरज कृष्णेच्या पूर्व काठावर. म्हणजे नेहमीच्या कुठल्याही वाटेने गेले तरी दोन नद्या ओलांडाव्याच लागतात. रेल्वेचेही तेच आहे. मिरज-कोल्हापूर मार्ग रुकडीजवळ पंचगंगा आणि उदगाव-अंकलीजवळ कृष्णा ओलांडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हायवेही बंद झाला आणि ही रेल्वेही. शिरोलीला पूल बुडत नाही, पाणी येते ते पुलाच्या दोन्ही बाजूंच्या सखल रस्त्यावर. लांबून बघणाऱ्याला पूल मोकळा दिसतो, म्हणून ‘जाता येईल’ असे वाटते.

जुलै-ऑगस्टमध्ये तिकीट असेल तर आदल्या तीन दिवसांपासून दोन आकडे बघत राहायचे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी: इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. धोक्याची रेषा ओलांडली म्हणून हायवे लगेच बंद होत नाही. मात्र राजारामची पातळी ४३ च्या वर असून चढतीच असेल आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी सांगलीतून सकाळी निघण्याचा हिशेब सोडून द्यावा. आदल्या दिवशीच कोल्हापूर गाठून मुक्काम करावा. सांगलीला परतण्याचे विमान असेल तर तारीख पुढे ढकलावी. आयर्विनचा आकडा दुसऱ्या कारणासाठी बघायचा: कृष्णा चढली की अंकली-उदगाव भागातली वाहतूक आधी मंदावते, मग थांबते.

पट्टणकोडोली-इचलकरंजी-यड्राव-जयसिंगपूर ही आतली वाट बरेच जण सुचवतात. शिरोलीत कोंडी असेल तेव्हा ती उपयोगी आहे, पुरात नाही. ती वाटही पंचगंगा ओलांडूनच येते आणि तिथले पूल लवकर पाण्याखाली जातात. रात्री अनोळखी ड्रायव्हरबरोबर त्या वाटेने जाऊ नये.

पूर ओसरला की दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो तो साधारण मार्चपर्यंत. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत असतात. समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटच्या झोतात ही ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. या महिन्यांत अंधार पडल्यावर अतिग्रे ते जयसिंगपूर ताशी ५० च्या वर गाडी काढू नये, ड्रायव्हर कितीही सरावाचा असो. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नये, ही मागणी सांगलीकरांनी लावून धरायला हवी. याच हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद होते आणि दरावरून चक्काजामही होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिरोलीच्या पंचगंगा पुलावर असाच चक्काजाम होऊन हायवे तासन् तास ठप्प होता. आंदोलनाची तारीख पेपरात आधी येते. त्या दिवशीचे तिकीट काढूच नये.

उलट हिशेब कसा करायचा ते सांगतो. विमान दुपारी १२ चे असेल तर बॅग घेणारा काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे ११ ला बंद होतो. गेटपाशी रांग आणि तपासणी धरून साडेदहाला दारात हवे. सांगलीच्या विश्रामबागेतून पावणेनऊला निघावे, मिरजेच्या जुन्या गावातून साडेआठला. हंगामात आणखी अर्धा तास आधी. यातून वाचलेला वेळ टर्मिनलमध्ये बसून घालवलेला परवडतो. काउंटर मात्र दहा मिनिटांच्या उशिरालाही उघडत नाहीत, आणि उघडावेत अशी अपेक्षाही चूक आहे. विमान लहान असल्याने वजनाचा हिशेब वेळेतच बंद करावा लागतो.

गाडी कोणती, याचे उत्तर किती माणसे आणि किती बॅगा यावर ठरते. तिघे-चौघे असाल तर सांगलीहून ठरवलेली पिवळ्या पाटीची गाडी सगळ्यात सोयीची. ड्रॉप म्हणून ठरवली तरी भाडे दोन्ही बाजूंच्या किलोमीटरवर आकारतात, कारण सांगलीची गाडी आणायला येताना रिकामी येते आणि कोल्हापूरची सोडून जाताना रिकामी जाते. म्हणून ‘५० किलोमीटर’ असे न बोलता ‘येऊन-जाऊन १०० किलोमीटर, थांबण्याचे आणि पार्किंगचे किती’ असे फोनवरच स्पष्ट करून घ्या. विमानाला उशीर झाला तर थांबण्याचे पैसे कोणत्या वेळेपासून धरणार, हा प्रश्न आधी विचारला की नंतरची वादावादी टळते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण तिच्यातून भाड्याने जाताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. थोड्या पैशांसाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही.

एकटा माणूस, एक बॅग असेल तर एसटी उत्तम. इथे दोन मार्ग आहेत. बाहेरून रिक्षा ठरवून तावडे हॉटेलला जायचे आणि सांगली किंवा मिरजेकडे जाणारी गाडी धरायची. यात शहरात शिरायचे वाचते, पण गाडी भरून आली तर उभे राहावे लागते. शिवाय विनावाहक गाडी तिथे घेत नाही, कारण तिची तिकिटे स्टँडवरच फाडून होतात. दुसरा मार्ग म्हणजे सरळ मध्यवर्ती बसस्थानकावर जायचे. रिक्षाला थोडे जास्त पडतात, पण बसायला जागा मिळते आणि विनावाहक मिळाली तर मधले थांबे टळतात. मोठी बॅग असेल तर दुसराच मार्ग घ्या. मिरजेला जाणाऱ्यांनी सांगली गाडीची वाट बघत बसू नये. पंढरपूर-सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या मिरजेवरून जातात. एसटीत महिलांना आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, ७५ च्या पुढे प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड हाताशी ठेवावे, बॅगेच्या तळाशी नको. रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवा आणि ‘स्टँड’ म्हणताना मध्यवर्तीच म्हणा, नाहीतर रंकाळा किंवा संभाजीनगर स्टँडचा घोळ होतो.

कोल्हापूरचे रेल्वे स्टेशन बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मिरजेपर्यंत रेल्वेने तासाभराचा प्रवास, खड्डे नाहीत, भाडे कमी. पण गाडीची वेळ आणि विमानाची वेळ जुळली तरच. सांगली स्टेशन मिरजेच्या पुढे पुण्याच्या बाजूला असल्याने नुसती मिरजेपर्यंतची गाडी घेतली तर पुढे सिटी बस किंवा रिक्षा करावी लागते. मिरज किंवा जयसिंगपूरला राहणाऱ्यांना रेल्वे खरोखर सोयीची, सांगली गावभागातल्यांना कमी.

सामानाबद्दल एक गोष्ट आवर्जून. एटीआरमध्ये डोक्यावरचा कप्पा लहान असतो. मुंबई-दिल्लीच्या विमानात बसणारी केबिन ट्रॉली इथे अनेकदा बसत नाही, मग ती शिडीपाशी काढून घेऊन पोटात टाकतात. लॅपटॉप, औषधे, कागदपत्रे आणि पॉवर बँक वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. नातेवाइकांसाठी सांगलीचे भडंग नेणार असाल तर ते हातातल्या पिशवीत न्या, खालच्या बॅगेत दाबून चुरा होतो. लोणचे आणि ओली चटणी मात्र खालच्या बॅगेतच, आणि बरणी दोन पिशव्यांत बांधून. पायऱ्या चढता न येणाऱ्या माणसासाठी व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा, कारण एटीआरला शिडीनेच चढावे लागते.

पुढे हैदराबाद किंवा बेंगळुरूहून दुसरे विमान असेल तर दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, काढा. पावसाळ्यात ढग खाली आले किंवा थंडीत सकाळी धुके असले की इथले विमान उशिरा सुटते. वेगवेगळी तिकिटे काढलेली असतील तर पुढचे विमान चुकल्याचा भार सगळा तुमच्यावर. स्वस्त पडते म्हणून दोन तिकिटे वेगळी काढायची असतील तर मध्ये निदान चार-पाच तास ठेवा.

पुण्याशी तुलना सारखी विचारली जाते. सांगली ते लोहगाव (पुणे विमानतळ) हे अंतर कोल्हापूर विमानतळाच्या चौपटीहून जास्त आहे, त्यात पुणे शहरातली वाहतूक. दिल्ली-कोलकात्याचे थेट विमान हवे असेल तर पुणेच. हैदराबाद, बेंगळुरूसारख्या इथून थेट सेवा असलेल्या गावी जायचे तर तिकीट थोडे महाग असले तरी कोल्हापूर परवडते, कारण पुण्याच्या टॅक्सीचे आणि एका मुक्कामाचे पैसे वाचतात. थेट सेवांची गावे आणि वार बदलत राहतात, तेव्हा तिकिटाआधी चालू वेळापत्रक बघा. कृष्णा-पंचगंगेला पूर असेल तर तासगाव-विटा-दहिवडी-फलटण मार्गे पुणे हा पर्याय हाताशी ठेवा, त्या वाटेत कृष्णा ओलांडावी लागत नाही. कवलापूरला विमानतळाची जागा आहे आणि मागणी जुनी आहे. ती पूर्ण झाली तर या दोन नद्यांचा प्रश्नच उरणार नाही, कारण कवलापूर सांगलीच्याच काठावर आहे.

याच विमानतळावर उतरून रत्नागिरीला समुद्रावर जाणारे पाहुणे असतील, तर त्यांना सांगलीची उलटी दिशा: मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. अंतर १३० किलोमीटरच्या आसपास, वेळ साडेतीन तास धरावा. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आणि दाट धुके दोन्ही असते, म्हणून दुपारी दोननंतर उतरणाऱ्या विमानाने आलेल्यांनी त्या दिवशी कोल्हापुरातच राहून सकाळी घाट उतरावा.