उद्यमबागेतील पाटी नसलेले वर्कशॉप आणि जाम झालेला स्टड

माझी दीडशे सीसीची मोटरसायकल गेली सहा वर्षे खानापूर-जांबोटी रस्त्यावर रोज धावते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना जून ते सप्टेंबर या काळात गाडीच्या खालच्या लोखंडाची काय अवस्था होते हे वेगळे सांगायला नको. यंदा मे महिन्यात सायलेन्सरच्या तोंडाशी फटफट आवाज येऊ लागला. गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि पाइप यांच्या सांध्यातून धूर बाहेर येऊ न देणारी चकती, गेले होते. दोन नट काढायचे, बेंड पाइप उतरवायचा आणि नवे गॅस्केट बसवायचे, एवढेच काम होते. पण दोन्ही नट जागचे हलेनात. गावाकडच्या एका गॅरेजमध्ये पान्याला लांब पाइप लावून जोर दिला गेला, त्यात डावीकडचा स्टड (इंजिनात बसवलेला, नट धरणारा आट्यांचा दांडा) मुळापाशी मोडला आणि उजवीकडच्या नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. तिथेच ड्रिल लावायची तयारी सुरू झाल्यावर मी काम थांबवले आणि गाडी टेम्पोत घालून बेळगावला आणली.

खानापूर रोडवरची उद्यमबाग फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिकच्या कामासाठी ओळखली जाते. तिथल्या एका आतल्या गल्लीत हे लेथचे वर्कशॉप आहे. बाहेर पाटी नाही. विचारत विचारतच जावे लागते. मुख्य काम कारखान्यांच्या सुट्या भागांचे असून मोडलेले स्टड आणि गेलेले आटे यांची कामे मेस्त्री सवड मिळेल तशी घेतात. साठीच्या आसपासचे हे मेस्त्री माझ्याशी मराठीत आणि हाताखालच्या मुलाशी कन्नडमध्ये बोलत होते. त्यांनी बॅटरीच्या उजेडात दोन्ही जागा पाहिल्या, मोडलेल्या जागेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "गाडी आज ठेवून जावा. तेल रातभर मुरू दे. घाई केली तर हेड जाईल बघा."

या एका वाक्यासाठी मी हे परीक्षण लिहायला बसलो, असे म्हटले तरी चालेल. सिलिंडर हेड, म्हणजे स्टड ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचे असते आणि स्टड पोलादाचा. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये पावसाचे पाणी शिरले की ॲल्युमिनियम गंजून त्याची पांढरी भुकटी होते, पोलादावर तांबडा गंज चढतो आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापणारा हा गंज आट्यांच्या फटीत घट्ट बसतो. त्यात सायलेन्सरची रोजची उष्णता आहेच. अशा स्टडवर केवळ ताकद लावली की आटा सुटण्याच्या आधी पोलाद तुटते. मग मोडलेल्या तोंडावर ड्रिल धरले की टोक कडक पोलादावरून घसरून बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते, भोक तिरपे जाते आणि मूळ आटे संपतात. इझी-आउट (मोडलेला स्टड उलटा फिरवून काढण्याचे हत्यार) लावला आणि तो आत मोडला तर पेच आणखी वाढतो, कारण त्याचे पोलाद इतके कडक असते की साधे ड्रिल त्याला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुपारभर तिथेच थांबलो. गोल झालेल्या नटाला मेस्त्रींनी पाना लावलाच नाही. बारीक ग्राइंडरने नटाची एक बाजू आट्यांच्या अगदी जवळपर्यंत कापली, त्या चिरेत छिन्नी ठेवून हातोडीचा एकच ठोका दिला आणि नट फाटून सैल झाला. पाइप उतरल्यावर मोडलेल्या स्टडचे जेमतेम दोन मिलिमीटर टोक हेडबाहेर दिसू लागले.

खरे काम इथून पुढे होते. पेट्रोलची टाकी आदल्या संध्याकाळीच उतरवून बाहेर ठेवली होती. आता बॅटरीच्या वायरी सोडवल्या. गॅसची ज्योत स्टडवर न धरता त्याच्या भोवतालच्या ॲल्युमिनियमवर गोल फिरवली, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि पकड ढिली होते. नंतर टोकावर एक वॉशर ठेवून तो वेल्डिंगने स्टडला जोडला आणि वॉशरवर आठ मिलिमीटरचा नट ठेवून तोही आतून भरून घेतला. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला अपाय होत नाही. उलट वेल्डिंगची धग थेट स्टडच्या गाभ्यात उतरते. पहिला नट फिरवताना तुटला. मेस्त्रींनी काही न बोलता तुटलेली जागा घासून साफ केली आणि दुसरा नट बसवला. तो लालसर असताना त्यांनी हात लावला नाही. रंग उतरल्यावर पाना लावून आधी किंचित घट्ट केला, मग किंचित सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल, मध्ये तेलाचे दोन थेंब. पाचव्या-सहाव्या वेळी दार करकरावे तसा आवाज आला आणि स्टड फिरू लागला. बाहेर आलेल्या स्टडच्या आट्यांत पांढरी भुकटी आणि तांबडा गंज यांचे थर अक्षरशः एकाआड एक बसलेले होते.

पुढचे काम पटकन झाले. दोन्ही भोकांतून सहा मिलिमीटरचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हाताने फिरवून आटे साफ केले. हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी, बसवण्याची गरज नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ते बसवून दीडपट पैसे घेता आले असते. दुसरा स्टड शाबूत होता, तरी तोही बदलला. नव्या स्टडना ग्रेफाइट ग्रीस लावले आणि नट पितळेचे बसवले, कारण पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही. नट आवळताना लहान पाना वापरला आणि मलाही बजावले की सहाच्या आट्याला जोर सोसत नाही.

एकूण सहाशे रुपये झाले, गॅस्केट धरून. नवे हेड घ्यावे लागले असते तर खर्च कुठे गेला असता, याचा अंदाज गाडीवाल्यांना आहेच.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. किती पैसे होतील हे आधी सांगत नाहीत, लेखी बिल मिळत नाही आणि कारखान्याचे तातडीचे काम आले की गाडी बाजूला पडते. माझ्या आधी आलेल्या एका गृहस्थांची गाडी चार दिवसांपासून तशीच उभी होती. बसायला जागा नाही. वेल्डिंग चालू असताना मदतनीस मुलाच्या डोळ्यांवर काच नव्हती, हे मला मनापासून खटकले आणि मी ते मेस्त्रींना सांगितलेही. ज्यांना संध्याकाळच्या आत गाडी हवीच आहे, त्यांची इथे सोय होणार नाही. मात्र स्टड अजून मोडलेला नसेल, नुसता जाम असेल, तर गावात कोणालाही पाइप लावू देण्यापूर्वी गाडी इकडे आणावी. त्या अवस्थेत काम निम्म्या कष्टात होते, असे मेस्त्रींचेच म्हणणे आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस, पूर्ण पावसाळा अंगावर घेतलेल्या गाडीचे ते दोन पितळी नट मी दहा नंबरच्या पान्याने सहज म्हणून पाहिले. दोन्ही मनगटाच्या हलक्या जोराने फिरले.